नराचे आजोबा

तीर्थरूप आप्पा,

नवागामहून सोनालीचा नमस्कार. साड्यांवर खडे चिकटवायचं काम भरपूर मिळतंय, काळजी करू नका. तुमच्या मधपेट्या कशा आहेत?

काल योगराज बारावीचा धडा वाचून दाखवत होता. मधमाश्यांत फलित अंड्यातून मादी होते, फलित न झालेल्यातून नर. म्हणजे नराला बापच नसतो. माझा हात थांबला. त्याचे वडील आम्हाला सोडून गेले, त्याला सहा वर्षं झाली.

तो मात्र हसत म्हणाला, "आई, राणीला तर बाप असतो. म्हणजे नराला आजोबा असतातच."

शाळेच्या अर्जात पालक म्हणून त्याने तुमचं नाव लिहिलंय. शनिवारी पालकसभा आहे. गुडघा सांभाळून या, पण याच.

तुमची लेक,
सोनाली