जबाबातला एक शब्द

अण्णा, तुमचा सगळ्यात आवडता शब्द 'विनंती' होता. शाळेत जायच्या आधीच तुम्ही मला घरी लिहायला शिकवलंत, तेही अर्जांवरून. मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की गावातले लोक आपल्या ओट्यावर यायचे, तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. दहा वर्षांची असताना कालव्यावरून येणाऱ्या चारीच्या पाण्याच्या एका अर्जात मी मनानंच 'आमची माणसे चेतली आहेत' असं घातलं. तुम्ही कागद फाडलात. "चेतवायची ती चूल. माणसं चेतवली की भोगावं भलत्यालाच लागतं," म्हणालात आणि सगळा अर्ज पुन्हा लिहायला लावलात. तेव्हापासून काहीही लिहिताना मला धाकधूक होते. किराण्याच्या यादीतही मी खाडाखोड करते.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, चारीच्या शेवटाला, म्हणजे आपल्याकडे, लागोपाठ दोन पाळ्या पाणी आलंच नाही. वरचे मळेवाले त्यांची पाळी संपली तरी खाली पाणी सोडायचं गेट उघडत नव्हते. शेवंती माना टाकायला लागली. मी तुमच्या पद्धतीनं तीन अर्ज लिहिले, तिन्ही नम्र. शेजारची काकू फुलं तोडता तोडता म्हणाली, "तुझ्या आण्णाचे आर्ज लय गोड असायचे बाई. पाणी मात्र कधी आलं नाय." मला राग आला. काकूचा नाही, तुमचा. मग मी घरोघर फिरले. जी म्हणाली, "मालकांना इचारून सांगते," तिला म्हटलं, "शेवंती खुरपताना विचारलं होतंस का?" दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका गेटवर जाऊन बसल्या आणि दिवस मावळायच्या आत आपल्या वाफ्यात पाणी आलं. त्या गडबडीत कुणीतरी गेटचं कुलूपही फोडलं. कुणी, ते मला अजून माहीत नाही.

चौकशीला पाटबंधारे खात्याचे साहेब आले. चावडीत टेबल मांडलंय, मी माझा जबाब माझ्याच हातानं लिहितेय: 'मी घरोघर जाऊन बायकांना चेतवले. कुलूप मी फोडले नाही.' साहेब वाचतात आणि कागद माझ्याकडे सरकवतात.

"ताई, 'कळवले' लिहा. तुमची अंगणवाडीतल्या नोकरीची ऑर्डर यायचीये ना? या शब्दानं कुलूपही तुमच्याच नावावर जाईल."

"पण मी कळवलं नव्हतं, साहेब."

"एवढा एकच शब्द खोडा. तुमच्या भल्याचं सांगतोय."

दारातून काकू म्हणते, "नुसतं कळवलं असतं तर कोण येतंय साहेब? माझा भात टाकायचा होता." बायका हसतात. मी कागदावर सही करते.

ऑर्डर दुसरीच्या नावानं निघाली. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तो शब्द खरा होता, अण्णा, आणि भोगलं ते मीच. भलत्या कुणाला भोगावं लागलं नाही. तुम्ही आयुष्यभर लोकांसाठी लिहिलंत, मात्र त्यांना एकदाही ओट्यावरून उठवलं नाहीत. हे तुमच्यासमोर बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून आता लिहितेय.

गावात सगळे म्हणतात, पोरगी साहेबापुढं हटली नाही. साहेबांनी दोनदाच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं असतं, तर मी तो शब्द खोडला असता.