जुईला माझ्या पासपोर्टवर घेण्याबाबत

दिनांक : ७ एप्रिल १९८६

प्रति,
मा. सचिव (वाणिज्यदूत विभाग),
भारतीय दूतावास, दोहा, कतार.

विषय : कु. जुई विभावरी शौचे, वय वर्षे सहा, हिचे नाव माझ्या पासपोर्टवर चढवण्याबाबत. ते न जमल्यास परिच्छेद ५ प्रमाणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयात झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

१. मी येथील एका भारतीय शाळेत गणित शिकवते व अल नस्र भागात राहते. माझ्यासोबत राहणाऱ्या कु. विभावरी शौचे, परिचारिका, या फेब्रुवारीत ड्यूटीवर असतानाच मेंदूत रक्तस्राव होऊन वारल्या. जुई ही त्यांची दत्तक मुलगी. तिचे नाव विभावरीच्या पासपोर्टवर होते. तो पासपोर्ट रद्द झाला आणि मुलगी कागदावरून नाहीशी झाली. प्रत्यक्षात ती घरीच आहे, आणि सध्या दूध पीत नाही.

२. चर्चेत आपण विचारलेत की दत्तकपत्रात माझे नाव का नाही. खुलासा असा. सिन्नर तालुक्यातील विठाबाई या विधवा बाईंनी ही मुलगी दिली. गुरुजींच्या सांगण्यावरून त्यांनी ती विभावरीच्या ओटीत घातली. विभावरीला सर्दी झाली होती, म्हणून तिने मुलगी तिथल्या तिथे माझ्या ओटीत दिली. गुरुजींनी दोघींच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. आम्हाला वाटले, झाले काम. नंतर वकील म्हणाले, एक मूल दोन बायकांना दत्तक जात नाही, एकच नाव सांगा. माझा पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला होता, विभावरीचा हातात होता, म्हणून तिचे सांगितले. कारण एवढेच. गणित शिकवणारी बाई इतकी बेसावध कशी राहिली, हे मी स्वतःला रोज विचारते.

३. आम्ही दोघींनी एक संसार केला. या वाक्याचा अर्थ आपल्या लक्षात यावा, परंतु ते फाइलला लावू नये, ही विनंती. या देशात, आणि आपल्याही देशात, मी ते मोठ्याने बोलू शकत नाही. घरमालकाला, शाळेला, खालच्या मजल्यावरच्या हमिदाबेनना आम्ही मावसबहिणी म्हणून सांगितले होते. ते खोटे होते. विभावरी गेली तेव्हा ती नोकरीला होती त्या कंपनीने तिच्या भावाला तार केली आणि मला तिच्या कपाटाच्या किल्ल्या मागितल्या.

४. आता अडचण अशी. मुलीचा येथील रहिवास आईच्या नोकरीवर होता, तो संपत आला आहे. नवीन पासपोर्टला पालकाची सही लागते. पालक कोण, ते नाशिकचे न्यायालय ठरवणार. न्यायालयाला मुलगी समोर हवी. मुलगी पासपोर्टशिवाय विमानात बसू शकत नाही. मी एकटी जाऊन यावे म्हटले, तर मुलीला कोणाच्या जिवावर सोडू? नव्याने दत्तक घ्यावी म्हटले, तर एकदा दत्तक गेलेले मूल पुन्हा दत्तक जात नाही, असे वकील कळवतात. म्हणजे मी कुठूनही निघाले तरी येऊन आपल्याच खिडकीपाशी उभी राहते. यात आपला दोष नाही, हे मला समजते. समजून फायदा होत नाही.

५. विभावरीचे बंधू श्री. गुरुप्रसाद शौचे, नाशिक, यांनी पालकत्वासाठी दावा लावला आहे. आपण दाखवलेल्या त्यांच्या संमतीपत्रात, मुलीला पासपोर्टऐवजी मिळणाऱ्या एकेरी प्रवासाच्या कागदावर ‘घरातील आयेबरोबर’ पाठवावे, असे लिहिले आहे. घरात आया कधीच नव्हती. हे गृहस्थ दोह्यात आमच्याकडे राहून गेले आहेत, माझ्या आमटीला नावे ठेवत तीन वाट्या प्यायले आहेत. मी कोण, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तेव्हा शब्द त्यांनी विचार करूनच घातला आहे. तो वाचून मला फार राग आला. दोन दिवस मी हा अर्ज लिहिला नाही.

तरी विनंती की, मला आई म्हणून नोंदवता येत नसेल तर मावशी म्हणून नोंदवावे. मावशीला पुरावा लागत असेल तर आया म्हणून नोंदवावे. मी हरकत घेणार नाही. आयेला मुलीच्या शेजारची जागा मिळते, आणि मुंबईत उतरेपर्यंत तिचा हात धरता येतो. पुढे नाशिकला न्यायालयाच्या दारात मी उभी राहीनच. तिथे मला आत घेतील की नाही, ते आज सांगता येत नाही.

६. शेवटची विनंती. कागद देण्यापूर्वी मुलीला समोर बोलावून, ही बाई तुझी कोण, असे कृपया विचारू नये. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तरे देते, पण या एका गोष्टीचे उत्तर तिला दोन्ही भाषांत येते. आया म्हणायला मी तिला शिकवायला बसले होते. मला ते जमले नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

मालविका दिनकर ओगले
एम.एस्सी., बी.एड.
आया

सोबत : १) मृत्यूचा दाखला २) दत्तकपत्राची प्रत ३) श्री. शौचे यांच्या संमतीपत्राची प्रत ४) मुलीचे दोन फोटो (एकात माझा हात आला आहे, चालत नसल्यास कापून घ्यावा)