शेजारीण आणि माझी ठाम भूमिका

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू. नाव भूमिका. गाव गडहिंग्लज, वय तिशीच्या आत, जवळच्याच खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. ती ट्रान्सजेंडर आहे हे अख्ख्या अपार्टमेंटला दुपारीच कळलं. सेक्रेटरी असून मला संध्याकाळी कळलं. मी लगेच जाहीर केलं की माझे विचार पहिल्यापासून पुढारलेले आहेत. बायको, म्हणजे वर्षाराणी, म्हणाली, मग पाण्याच्या दोन बाटल्या देऊन या, त्यांच्या नळाचं काम राहिलंय. दिल्या. तीनदा 'वेलकम' म्हणालो आणि घाईघाईनं जिना उतरून गेलो. आमचं दार समोरच आहे हे पार्किंगमध्ये पोचल्यावर लक्षात आलं.
संकल्प: हिच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तर मी बोलणार.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
पिराजीनं ब्र काढला. पिराजी म्हणजे आमचा चेअरमन आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. ग्रुपवर लिहिलं, 'असली माणसं फॅमिली बिल्डिंगमध्ये नकोत.' मी अकरा ओळींचं सडेतोड उत्तर टाइप केलं. भाषा कडक वाटली. सात ओळी केल्या. मग तीन. ऑफिसला उशीर होत होता, म्हणून शेवटी नुसते जोडलेले हात टाकले.
९.४०. पिराजीचा मेसेज: 'सेक्रेटरी उदयसिंह यांचाही पाठिंबा आहे.'
असले गैरसमज आपोआप दूर होतात.

७ फेब्रुवारी
लिफ्टमध्ये मी आणि भूमिका दोघंच. धीर द्यायची संधी. म्हणालो, "तुम्ही अगदी नॉर्मल दिसता." ती म्हणाली, "तुमीबी, काका."
संवाद सुरू झाला.

९ फेब्रुवारी, रविवार
आईचं प्रबोधन करायचं ठरवलं. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म गारगोटीजवळचा, तीन महिने तरी लागतील. पहिला टप्पा माहितीपर व्हिडिओ. व्हिडिओ सापडेपर्यंत आई समोर जाऊन शुगर तपासून घेत होती. मी दारात पोचलो तेव्हा कानावर पडलं, "बाई हायस का बाप्या?" मला दरदरून घाम. भूमिका म्हणाली, "बाईच हाय की, आज्जी. घरच्यांची वळखायला गडबड झाली." आई म्हणाली, "व्हतंय. पर सुई कळली न्हाय बघ तुझी." मग विचारलं, घरचे बोलतात का? सहा वर्षं न्हाय, म्हणाली. आई म्हणाली, "मग जेवायला ये आमच्यात."
तीन महिन्यांचा कार्यक्रम दोन मिनिटांत उरकला. मार्गदर्शन अर्थातच माझं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पिराजी अर्ज घेऊन आला. फ्लॅटमालकानं भाडेकरूला बाहेर काढावं, सगळ्यांच्या सह्या. पहिली सही सेक्रेटरीची लागते म्हणाला. मी विचार केला, विरोध करायचा तर आत राहून करावा. सही केली. पण बारीक अक्षरात.
वर्षाराणीला सांगितलं नाही. ती शाळेत शिकवते, तिला डावपेच समजत नाहीत.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
आज पार्किंगमध्ये वाईट झालं. पिराजी आणि चौघे गप्पा मारत होते, मीही होतो. भूमिका ड्यूटीवरून आली. पिराजीनं टाळी वाजवली, ती तसली, तळवे आडवे करून. मग चौघांनी वाजवली. ती न थांबता लिफ्टकडे गेली. पिशवी मात्र छातीशी धरलेली.
मी टाळी वाजवली नाही, याची नोंद असावी. माझ्या हातात हेल्मेट होतं.
हसलो की नाही, आठवत नाही. बहुतेक थोडा.
जेवताना आईनं विचारलं, पोरगी आज जेवायला का आली न्हाय? मी म्हणालो, दमली असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी अकराला गच्चीवर मीटिंग. भाषण तयार होतं. संविधान, माणुसकी, कोल्हापूरचा पुरोगामी वारसा, सगळं आलं होतं. भूमिका शेवटच्या खुर्चीवर. पिराजीनं अर्ज वाचला आणि ठणकावून म्हणाला, "पयली सही सेक्रेटरीची हाय!" वर्षाराणीनं माझ्याकडं पाहिलं. एवढंच, नुसतं पाहिलं.
मी उठलो. घसा साफ केला. मी म्हणालो, "चहा सांगायचा का?"
मग वर्षाराणी उठली. विचारलं, हिनं गुन्हा काय केलाय, एक सांगा. पिराजी संस्कृतीबद्दल बोलायला लागला, तर आई खुर्चीवरूनच ओरडली, "तुझी संस्कृती पार्किंगमधी थुकती ती आदी पूस!" (पिराजी तंबाखूचा मावा खातो.)
शेवटी भूमिका उभी राहिली. म्हणाली, "हितल्या बऱ्याच जणांचं रक्त मी लॅबमध्ये काढलंय. तवा कुणी मला काय इचारलं न्हाय, हात पुढं केला. मला घर पायजे, दुसरं काय न्हाय. माझ्या घरच्यांनी काढलंच हाय, तुमी तरी काढू नगासा."
फ्लॅटमालकानं तिथंच सांगितलं, ती राहणार. मग तीनचार जणांनी अर्जावरच्या आपल्या सह्या खोडल्या. कागद माझ्यापर्यंत आला. मी म्हणालो, सेक्रेटरीनं तटस्थ राहिलेलं बरं.
हे मी खरंच म्हणालो. आता लिहिताना विश्वास बसत नाही.

१७ फेब्रुवारी
वर्षाराणी बोलत नाही. आई बोलते, पण ते ऐकवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी चहाच्या गाड्यावर पिराजी भूमिकाच्या चालण्याची नक्कल करायला लागला. गाडेवाला हसला. दोन अनोळखी पावणे उभे होते तेही हसले. मला का कोण जाणे, ती छातीशी धरलेली पिशवी दिसली. म्हणालो, "पिराजी, बास."
"काय म्हणालास?"
"बास म्हणालो."
आवाज चिरका आला. पिराजी अर्धा कप तसाच ठेवून निघून गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
घरी सविस्तर सांगितलं. वर्षाराणीनं चार दिवसांनी तोंड उघडलं: अजून काय बोललात? मी मोजलं. दुसऱ्यांदाचं सोडलं तर दोन शब्द, त्यातला एक पिराजी.
पण बोललो!

२१ फेब्रुवारी, सकाळी ५.५०
भूमिका ड्यूटीला निघायच्या वेळी मुद्दाम दार उघडलं. आधी सहीबद्दल माफी मागितली. मग कालचा प्रसंग सांगितला. सांगताना दोन शब्दांची सहज वीस वाक्यं झाली. तिनं शांतपणे ऐकलं. हात हातात घेईल, निदान डोळे तरी भरून येतील, अशी माझी अपेक्षा.
लिफ्ट आली. आत जाताना म्हणाली, "बरं केलासा, काका. आज परत भेटतील की ते. आजबी बोला."
आज परत?
मला वाटलं होतं, एकदा बोललं की झालं.