धरायचं तर नीट धर

अण्णा, तुम्ही जिला कधी पाहिलं नाहीत ती तुमची नात आता चौदा वर्षांची आहे आणि माणसं पाडायला शिकते. ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणतात त्याला. इथे दुबईत तिला शाळेतच शिकवायला लागले, जसा आम्हाला खो-खो होता. जाड कापडाचे सदरे घालून दोघींनी मॅटवर लोळायचं, एकमेकींना खाली दाबून ठेवायचं, आणि जिला सुटता येणार नाही तिनं दुसरीच्या अंगावर थापा मारायच्या. थाप बसली की खलास, त्या क्षणी सोडायचं. गेल्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून ती शाळेबाहेर जाते त्या क्लबनं आयांसाठीही वर्ग ठेवला आणि तुमच्या या गुडघे कुरकुरणाऱ्या मुलीनं त्यात नाव घातलं. नवरा म्हणाला, पाठ धरली तर माझ्याकडे येऊ नकोस.

खरं सांगायचं तर मला खेळाचं कुतूहल नव्हतं, लेकीचं होतं. अलीकडे ती मला अंगाला हात लावू देत नाही. केसांवरून हात फिरवायला गेले की डोकं बाजूला घेते. "ममा, प्लीज." मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही दार अर्धवट लोटून. हीच मुलगी परक्या पोरींच्या अंगाखाली तासभर घामाघूम होऊन खिदळत असते. हे काय गौडबंगाल आहे ते मला बघायचं होतं. वाईटही वाटत होतं, लपवत नाही तुमच्यापासून.

तर रोज दुपारी बर दुबई भागातल्या आमच्या घरून मेट्रोनं मरीनापर्यंत आम्ही मायलेकी जायचो, ती कानात गाण्यांचं यंत्र घालून, मी खिडकीबाहेर बघत. शिकवणारी बाई ब्राझीलची, माझ्याहून लहान, आवाज मात्र हेडमास्तरांचा. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला पाठीवर झोपवून कंबर वाकवत मागे सरकायला लावलं. त्या प्रकाराचं नाव कोलंबी! रत्नागिरीची मी, जन्मभर कोलंबी सोलली, शेवटी तीच व्हायची वेळ आली. मग जोड्या लावल्या. माझ्या जोडीला इथलीच एक अरब बाई होती, तिन्ही मुलं क्लबात घातलेली. तिला आडवी दाबून धरायचं, तर मी दर वेळी विचारतेय, दुखतंय का, सॉरी हं. ब्राझीलवाली कंबरेवर हात ठेवून इथल्या अरबी लाडानं म्हणाली, "हबीबती, यू आर टू पोलाइट. डोन्ट आस्क हर. होल्ड हर."

आणि अण्णा, तिथे तुम्ही आलात. गोठ्यात उभे आहात, बनियनवर, गुडघ्यांत शेजारच्यांची शेळी. गुरांच्या दवाखान्यातून आल्यावरही लोक तुम्हाला चहा पिऊ देत नसत. मी शेळीचं तोंड धरलंय, ती ओरडते म्हणून माझा हात ढिला पडतो, औषध ठसक्यात जातं, आणि तुम्ही माझ्यावर खेकसता, "धरायचं तर नीट धर. अर्धवट धरलं की जनावर जास्त घाबरतं." मी रडले होते. त्या मॅटवर मात्र मी अंग सैल सोडलं, सगळा भार त्या बाईच्या छातीवर दिला, आणि खरंच, तिची धडपड थांबली. "येस, नाऊ आय कॅन ब्रीद," ती म्हणाली. वजन दिल्यावर श्वास मोकळा कसा होतो? तुम्ही असतात तर विचारलं असतं.

परतीच्या गाडीत मी लेकीला सांगितलं की तुझे आजोबा एकट्यानं गाय झोपवायचे. मानेला, पुढच्या पायांमागे आणि पोटाला दोराचे वेढे घालायचे आणि मागून नुसता ताण देत राहायचे. गाय आपणहून बसायची. तिनं कानातलं यंत्र काढलं. "वेट. अलोन? अ होल काऊ?" मग माझीच ओढणी घेऊन तिनं माझ्याच दंडाभोवती वेढे घालून पाहिले, हा इथे का, तो तिथे का, नुसते प्रश्न. आमचं स्टेशन मागे पडलं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

शेवटच्या दिवशी मायलेकींच्या जोड्या होत्या. तिनं मला केव्हा आडवी केली कळलंच नाही. तिची छाती माझ्या छातीवर, गाल माझ्या कानाशी, तिच्या केसांचा वास. लहानपणी ताप आला की अशीच अंगावर झोपायची. "ममा, टॅप. यू कान्ट गेट आउट." मी थाप मारली नाही. "कॅन यू ब्रीद?" मी म्हटलं, हो. मला सुटायचंच नव्हतं, अण्णा. पुढे तिनं काही विचारलं नाही, पण सोडलंही नाही. ब्राझीलवालीनं टाळी वाजवली तेव्हाच उठली. केस नीट करत म्हणाली, "यू आर सो स्टबर्न."

हे पत्र कुठे टाकणार मी? कपाटात राहील. पण काडेचिराइताच्या काढ्याचं सांगून टाकते. आईनं उकळलेला तो कडूजहर काढा तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून पाजायचात, तुमच्या शेळ्यांसारखाच, गुडघ्यांत धरून, अंगठा माझ्या गळ्यावर ठेवून. एरवी तुम्ही कुणाला जवळ घेणारे नव्हतात. "गिळलंस?" असं विचारायचात, आणि मी गाल फुगवून मान हलवायची, नाही. पुन्हा विचारायचात, पुन्हा नाही. अण्णा, काढा केव्हाच पोटात गेलेला असायचा. पण जनावरानं औषध गिळलं की नाही हे तुमच्या अंगठ्याला बरोबर कळायचं. मग माझं कळत नव्हतं होय?