ही कोण आहे, साक्षी?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

साक्षी ट्रॉलीवरून पडली. सोयाबीनची पोती उतरवून झाली होती. रिकाम्या ट्रॉलीच्या कडेवर उभी राहून ती उन्हात तरंगणारा भुसा मुठीत पकडत होती. मी चहा गाळत होते. ओला कपडा दगडावर आपटावा तसा आवाज आला.

धावले. अंगणातल्या फरशीवर पडलेली, डोळे मिटलेले, डोक्यामागे रक्त. हाक मारली तरी ओ नाही. आत्याबाई – माझी सासू – हळदीचा डबा घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला. ‘हळद नको. धुतलेला पंचा द्या.’ पंचा दाबून धरला. साक्षीचे पप्पा तिला उभी करू लागले तर त्यांच्यावर ओरडले – ‘मान हलवू नका तिची!’ लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं बोलले असेन त्यांच्याशी.

शेजारच्या मदनसिंगभाऊंनी जीप काढली. मालेगावचा रस्ता धरला. मी तिला कुशीवर धरून बसले. वाटेत तिनं उलटी केली, मग डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली – फार लांबून चालत आल्यासारखी. म्हणाली, ‘आई.’

साक्षीचे पप्पा पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघू लागले.

लिहून काढते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल. मी तिची मावशी. तिची आई माझी मोठी बहीण. ताई तापानं गेली तेव्हा साक्षी चालायला लागून थोडेच दिवस झाले होते. पुढे दोन्ही घरांनी ठरवलं आणि मी या घरात आले. साक्षी मला मावशीच म्हणते. दुसरं काही म्हण असं मी कधी म्हटलं नाही. तो शब्द ताईचा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. अकोला

काल पुढचं लिहिता आलं नाही. आता ती झोपली आहे.

मालेगावच्या डॉक्टरांनी टाके घातले. डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली. ‘नाव काय?’ – ‘साक्षी.’ ‘गाव?’ – ‘मेडशी.’ मग माझ्याकडे बोट. ‘ही कोण आहे, साक्षी?’

‘आई.’

‘शाब्बास,’ डॉक्टर म्हणाले. ‘ओळख पटते आहे. आत्ता तरी काळजीसारखं दिसत नाही. घरी न्या, लक्ष ठेवा.’

मी तिच्या केसांतलं रक्त पुसत होते. खरं सांगते, ऐकायला इतकं गोड वाटलं की ते तसंच उचलून घरी न्यावं. साक्षीचे पप्पा तिला खांद्यावर घेऊन पुढे निघाले. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

‘डॉक्टरसाहेब, तिचं उत्तर चुकलं. मी तिची आई नाही. आई वारली तिची. मी मावशी.’

ते खुर्चीतून उठले. तिला परत झोपवलं, परत तपासलं. उलटी किती झाली, बेशुद्ध होती का, सगळं नव्यानं विचारलं. मग अकोल्याला पाठवलं.

इथे डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या कडेला रक्ताची बारीक रेघ आहे. इथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन बहुतेक लागणार नाही, पण रक्त वाढतं का ते पाहावं लागेल. ‘घरी नेलं असतं तर...’ एवढंच म्हणून ते थांबले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

झोपते. फार झोपते.

दुपारी वॉर्डात पिवळं ऊन येतं, पडदा हलतो. सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. साक्षी डोळे अर्धे मिटून म्हणाली, ‘सोयाबीन हलून राह्यलं.’ मी म्हटलं, हो. पडदा आहे हे सांगावंसं वाटलं नाही. तिच्यासोबत मीही थोडा वेळ त्या वावरात बसले.

माझाही डोळा लागला असावा. ताई पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. लहानपणी करायची तसं ओठ दाबून साक्षीच्या फ्रॉकचं बटण लावत होती. मी तिला म्हणाले, तुझाच शब्द आहे गं, मी घेतला नाही. तिनं वर पाहिलंच नाही. बटण नीट लागत नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार

सिस्टर थोड्या थोड्या वेळानं तिला उठवतात. नाव, गाव, आणि मग – ही कोण?

‘आई.’

आणि दर वेळी मला सांगावं लागतं. ‘नाही सिस्टर. मी मावशी आहे तिची.’ सिस्टर काहीतरी लिहून घेतात. साक्षी माझ्या तोंडाकडे बघते आणि भिंतीकडे वळते.

संध्याकाळी आत्याबाईंचा फोन. आवाज बसलेला. ‘धम्मदीपा, तिले तिची माय दिसून राह्यली बाई. लेकराले न्याले तर नाही आली ते?’ मी म्हटलं, असं काही नसतं, आत्याबाई. मार बसला म्हणून गोंधळली आहे. पलीकडून त्या हळू आवाजात त्रिसरण म्हणू लागल्या – बुद्धं सरणं गच्छामि. मी फोन साक्षीच्या उशाशी ठेवला. तिघी ऐकत होतो. तिघी असं का लिहिलं मी? पलंगापाशी तर आम्ही दोघीच. राहू दे.

साक्षीचे पप्पा बाहेरच्या बाकावर बसून असतात. आत आले की तिचे पाय दाबतात. आज म्हणाले, ‘तू मांगं नसती फिरली त मी तिले घरी नेलं असतं.’ मग पुन्हा तिचे पाय दाबत, ‘मले बी ते ऐकाले बरं वाटलं होतं.’

२१ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा फोटो काढला. रेघ वाढलेली नाही.

दुपारी सिस्टर आल्या. नाव – साक्षी. गाव – मेडशी. ही कोण?

साक्षी छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मावशी.’

सिस्टर हसल्या. डॉक्टर आले, म्हणाले, आता डोकं ताळ्यावर आलं. साक्षीचे पप्पा भिंतीला टेकून रडले, पहिल्यांदाच मोकळे. सगळ्यांना आनंद झाला. मलाही. मलाही झालाच.

२३ ऑक्टोबर, बुधवार. मेडशी

घरी आलो. पळायचं नाही, चढायचं नाही, उलटी झाली की लगेच न्यायचं. आत्याबाईंनी गरम भात केला, दाराशी भाकर ओवाळून टाकली, मी टाकू दिली. मदनसिंगभाऊ डोकावून गेले. ‘काय साक्षीबाई, उडाली होती म्हनते तू?’ ती हसली नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शांत आहे फार. खायला दिलं की खाते. ‘मावशी, पाणी.’ ‘मावशी, लाईट बंद कर.’ पूर्वी हाच शब्द ओढून ओढून, अंगणभर म्हणायची.

अकोल्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, मार बसल्यावर लेकरं चिडचिडी किंवा गप्प होतात, हळूहळू येईल ठिकाणावर.

२६ ऑक्टोबर, शनिवार

उन्हात बसवून तिचे केस विंचरत होते, टाक्यांच्या बाजूबाजूनं. मान खाली घालून ती म्हणाली, ‘मले माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘तू मावशी हायेस ते. जीपमंदी बी माहीत होतं. तू लई घट्ट धरलं होतं मले. म्हनून म्हटलं.’

माझा हात थांबला.

‘तू डॉक्टरले नाही म्हनली. सिस्टरले बी नाही म्हनली. सगळ्यायले.’ मान अजून खालीच. ‘मंग आता काय म्हनू?’

मी तिला समोर वळवलं आणि सांगितलं – जीपमध्ये म्हणालीस तेच. तिनं एकदा म्हणून पाहिलं, अगदी हळू, डोकं दुखू नये इतकं. आणि या वेळी मी ओ दिली.