मिठाचा चहा

अण्णा, आज तुम्हाला लिहायला बसले ते नातीच्या शाळेतल्या प्रोजेक्टमुळे. इकडे दक्षिणेकडच्या परदेशात, पापाकुऱ्यात जुलै म्हणजे ऐन थंडी, हीटर पायाशी ओढून घेतलाय. सकाळी ती म्हणाली, "आजी, द ब्रिटिश गेव्ह इंडिया टी, राइट?" मी म्हटलं, "दिला कसला बाई, पिकवून घेतला." मग तिला आसामातला मळा सांगितला, तुम्ही तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतात तेव्हाचा. साहेबानं जंगल तोडून लावलेला, करारावर अंगठे घेऊन लांबलांबून आणलेल्या माणसांनी राबून वाढवलेला. चांगली पत्ती पेट्यांत भरून विलायतेला जायची. खुडणाऱ्या बायकांना उरलासुरला भुगा, तोही दूध-साखर नसलेला, मीठ टाकून उकळलेला.

मी सहाएक वर्षांची असेन. पाठीवर टोपली घेतलेली एक बाई आपल्या जर्मनच्या पेल्यातला तो चहा मला देते आणि मी फुर्रकन थुंकते, "ई, खारट!" बाई हसते. तुम्ही हसत नाही. पेला उचलून उरलेला चहा तिच्यासमोर पिता आणि मला म्हणता, "तिनं स्वतःच्या वाटणीचा दिला होता, पोरी." ओरडला नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. त्या दिवसापासून दुपारी त्यांच्यात बसून तोच चहा घ्यायला लागलात, आणि मळा सुटला तरी ती सवय सुटली नाही.

पुढे म्हातारपणी माझ्याकडे पुण्याला आलात. तुम्ही चहात मीठ घालताना पाहून नणंद म्हणाली, "वहिनी, माहेरी साखर ठाऊक नव्हती वाटतं?" मी मेल्याहून मेले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलंय. जन्मभर लोकांना औषधं दिलेला माणूस तुम्ही, पण एक प्रश्न विचारला नाहीत. "बरं, म्हणतात तर," म्हणालात आणि शेवटपर्यंत माझ्या हातचा गोड चहा निमूट प्यालात.

आज नातीला तसा खारट चहा करून दिला. तोंड वाकडं केलं, पण गिळला हो तिनं. "हीप्स सॉल्टी, आजी!" 'खूप'ला इकडची पोरं हीप्स म्हणतात. मग पेन्सिल सरसावून विचारलं, पणजोबा हाच चहा शेवटपर्यंत प्यायचे का. मी "हो" म्हटलं. तिनं तसं लिहूनही घेतलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत? उशीखाली ठेवते. अण्णा, डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं. तुमच्यापुढे कबूल करायला तेव्हा जीभ उचलली नाही, आणि आज त्या एवढ्याशा पोरीपुढेही नाही.