सोमवारची गोळी

इंदोरा, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

दीक्षा,

मी फोन लावला की तू कट करते अन् मागून मेसेज टाकते, ‘आजी मीटिंगमध्ये आहे.’ एवढी मीटिंग कलेक्टरची बी नसते वं. तुझ्या मायचा फोन गेला की मीटिंग लगेच सुटते, ते मले शेजारच्या खोलीतून ऐकू येते. म्हणून हे पत्र. हे कट होत नाही.

आता जयभीम. तू बरी असशील. मी बरी आहे, गुडघे जिथं दुखत होते तिथंच दुखून राहिले. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

हैदराबादले थंडी आहे का? इथं पडली. बाजारात वालाच्या शेंगा आल्या. तुझ्या मायनं नवा मिक्सर घेतला, तो सुरू झाला की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. तुझ्यासोबतची सोनिका परवा भेटली. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसते आता. मले म्हणते, “आजी, वर्गातला एक बुटीबोरीच्या कंपनीत गोळ्या तपासते, एक बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहते, दोघी मास्तरणी झाल्या. दीक्षाचं सगळ्यात भारी.”

भारीच आहे. मले कोणी विचारलं की मी सांगते, परदेशात कोणाले गोळी खाऊन चक्कर आली, कोणाच्या अंगावर पुरळ उठलं, कोण मेलं, हे सारं माझ्या नातीकडं येते अन् ती कम्प्युटरमध्ये भरते. लोक म्हणतात, अशी बी नोकरी असते? मी म्हणते, बी.फार्म केलं की असते.

तर आता एक इथलं भर.

बाई, वय सत्तरच्या वर. हाताच्या बोटांचे सांधे सुजलेले, मूठ मिटत नव्हती. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मग तोंड आलं. साधं नाही, ओठापासून घशापर्यंत. वरण गिळवेना, पाणी घेतलं तरी डोळ्यातून पाणी येई. मग ताप. मग दंडावर काळेनिळे डाग, कोणी मारल्यासारखे. दवाखान्यात रक्त तपासलं तर रक्तात काही उरलंच नव्हतं म्हणे.

एवढ्यावरून तुले गोळी कोणती ते समजलं असेल. समजलं नसेल तर चार वर्षं कॉलेजात काय केलं ते मले सांग.

परीक्षेच्या वेळी तू चुलीजवळ बसून पाठ करत होती. मी भाकरी थापत होती अन् तू नावं घोकत होती, कोणती कशावर, कोणती किती, कोणती कोणासोबत नाही. मले वाटे पोरगी मंत्र म्हणून राहिली. त्यात ही गोळी असंलच. मले इंग्रजी नावं राहत नाहीत. तुले राहिली होती.

बाई कोण ते लिहायचं टाळून राहिली होती मी. आपल्या भिंतीले भिंत लागून राहणारी यमुताई. जिच्या मांडीवर तू जेवायले शिकली. दिवाळीच्या आधी गेली. तुझ्या मायनं तुले सांगितलं असंल, ‘यमुआजी वारली, वय झालं होतं.’ वय झालं होतंच. पण वयानं नाही गेली.

इथं काल पत्र थांबवलं होतं. आज परत बसली.

दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. यमुताई म्हणे, “भीमे, गोळ्या कोपऱ्यावरून घेऊन येते.” मी म्हटलं, “कोपऱ्यावर काहून? प्रताप नगरात चल, माझी नात आहे तिथं.” मले माहीत होतं तू तिथं नाही. तुझा रजिस्ट्रेशनचा कागद तिथं आहे, काचेत, फोटो लावलेला, अन् त्या कागदावर ते दुकान चालते. दर महिन्याले दुकानवाला त्याचे पैसे तुझ्या खात्यात टाकते. सारेच असं करतात असं तू म्हणाली होती. मी बी मान हलवली होती. मले तर चांगलंच वाटे. नागपूरच्या एका भिंतीवर आपल्या घरातलं नाव, मोठ्या अक्षरात. बसमध्ये दोन म्हाताऱ्या उभ्यानं गेलो तिथवर.

काउंटरवर दुर्गेश. मालकाचा साळा. आधी महाल भागातल्या दुकानात साड्या दाखवत होता, आता गोळ्या दाखवते. मले पाहून म्हणे, “अरे, मॅडमची आजी! स्टूल घ्या ना आजी.”

यमुताई भिंतीकडं पाहत होती. तुझ्या फोटोले झेंडूचा हार होता, सुकलेला.

“पोरीले हार काहून घातला गा?”

“दसऱ्याचा आहे मावशी. साऱ्याच फ्रेमांले घातला.”

“जित्या माणसाच्या फोटोले हार घालत नाहीत.”

“मॅडम हैदराबादले, त्यांले काय समजते!” असं म्हणून तो हसला. आम्ही बी हसलो.

मग त्यानं गोळ्यांचे दोन पत्ते काढले. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. बोट ठेवून म्हणे, “ही रोज, जेवल्यावर. अन् ही सोमवारी.” यमुताईनं विचारलं, “नक्की?” तिची सवयच होती, भाजीवालीले बी दोनदा विचारायची. त्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीकडं पाहिलंच नाही. वर बोट केलं, तुझ्याकडं. “मॅडमचं दुकान आहे मावशी. बिनधास्त घ्या.”

उलटं सांगितलं त्यानं. सोमवारची रोज अन् रोजची सोमवारी. सोमवारची म्हणजे सांध्याची कडक गोळी, आठवड्यातून एकच घ्यायची.

तिनं एक दिवस चुकवला नाही. जेवली की माझ्या दारात येऊन सांगे, “घेतली बरं.” तोंड आलं तेव्हा मी म्हटलं, गोळी बंद कर. म्हणे, “तुझ्या नातीच्या दुकानची आहे, बंद कशी करू?” मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं गोळ्यांचा पत्ता पाहिला अन् विचारलं, “रोज घ्यायले कोणी सांगितलं?” यमुताईले बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात भूत नाही, देवऋषी नाही, लिंबू-मिरची नाही. माझ्या सासऱ्यानं तर अंगात येणाऱ्या बाईच्या अंगावर घागर ओतली होती. तवा यमुताई येते असं मी म्हणत नाही. पण दुपारी जेवण झालं की दारात कोणीतरी असते. मी भांडे घासत राहते, मागं पाहत नाही. ती ‘घेतली बरं’ म्हणत नाही आता. म्हणते, “भीमे, विचारलं का वं नातीले?” मी सांगते, फोन उचलत नाही. तरी ती जात नाही. तुझ्या मायले विचार, मी दारातली खुर्ची आत घेऊन ठेवली. तरी दारात बसते.

रामटेकची पुष्पलता, यमुताईची लेक, तेराव्याले आली तर साऱ्या गल्लीसमोर मायलेच बोलत होती. दुर्गेशनं तिले फोनवर सांगितलं होतं, आम्ही बरोबर सांगितलं, म्हातारीनं उलटं घेतलं. पुष्पलता म्हणे, “आईले किती सांगितलं, नीट ऐकत जा. स्वतःच्या हातानं मेली.” मेलेल्या बाईले तिची लेक अडाणी म्हणून राहिली होती. मले ते सहन झालं नाही. मी म्हटलं, मी बाजूले उभी होती. तुझ्या मायनं नीट ऐकलं. त्यानंच उलटं सांगितलं.

ती दुकानात जाऊन आली. आल्यावर चप्पल बी काढली नाही. म्हणे, “मावशी, तिथं आपली दीक्षा आहे भिंतीवर.”

“हाव.”

“त्या दिवशी ती कुठं होती?”

“हैदराबादले.”

“मग तिथं काहून आहे?”

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी बी चढवला असता, तुले माहीत आहे मले. ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली, अन् मग निघून गेली.

तुझी माय म्हणते, कागद चुपचाप काढून घेऊ, वर्षभरात कोणाच्या ध्यानात राहत नाही. चौकशी झाली तर पोरीचं रजिस्ट्रेशन जाईल, नोकरी जाईल, पोरीले कोण करून घेईल. जाईल बहुतेक. मी तुले खोटं सांगत नाही. तू शिकावी म्हणून मी लोकांचे पाय धुतले नाहीत एवढंच बाकी आहे, तवा ते गेलं तर मले काय होईल ते माझं मी पाहीन. पण तू बसली असती त्या स्टुलावर, तर त्या चिठ्ठीकडं एकदा पाहून म्हटली असती, “दुर्गेश, उलटं सांगितलं.” एवढंच काम होतं. त्याच्यासाठीच तर ते कॉलेज होतं ना? का दुसऱ्या कशासाठी होतं?

दुर्गेशले मी सोडत नाही. पण तो साड्यावाला आहे, त्याले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं.

येत्या रविवारी पुष्पलता यमुताईची खोली खाली करायले येऊन राहिली. तिकीट काढ. तिच्यासमोर बस. मी तिथं नव्हती, माझा फोटो होता, असं तुझ्या तोंडानं सांग, अन् तुझी माय सरळ होती हे बी सांग. मग ती म्हणेल त्या ऑफिसात तिच्यासोबत जा अन् तेच लिहून दे. मी दुपारी जेवण करून ठेवीन. जेवशील तर जेव.

जयभीम.

तुझी आजी,
भीमाबाई

ता. क. या पत्राचं उत्तर मले धाडू नको, अन् मायच्या फोनवर बी निरोप ठेवू नको. विचारलं पुष्पलतानं आहे, तवा उत्तर तिले पाहिजे. अन् ते तूच द्यायचं, दुसऱ्या कोणी नाही.